धामापूर तलावाच्या भोवतीच्या पायवाटा – कोण कोण चाललंय? वाटा, अनुभव, काळजी

कर्लीकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. ट्रेक म्हटलं की आपल्याकडे सगळे घाटमाथ्यावरचे किल्ले धरतात आणि कोकणात उतरले की सरळ तारकर्लीच्या बीचवर, आणि मधे जे रान आहे, तळी आहेत, सडे (खडकाळ पठारं) आहेत त्यातून पायी कोणी जातच नाही. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, आता नोकरीला ठाण्यात, आणि चाळीशी आली तरी धामापूरचा तलाव मी फक्त गाडीतून बघितला होता, म्हणजे देवळापाशी उतरायचं, पाया पडायचं, पाण्याचा फोटो, चला मालवणला.

या गणपतीत मामा म्हणाले चल तुला तळ्याच्या मागची वाट दाखवतो. मामा ७१ वर्षांचे, पायात साध्या चपला, हातात कोयता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुडाळहून नेरूरपारच्या पुलावरून मालवणला जो रस्ता जातो त्यावर काळसे सोडलं की धामापूर. दोन डोंगरांच्या मधे बांध घालून अडवलेलं पाणी, काठावर भगवतीचं देऊळ. १५३० साली विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन हा बांध घातला. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, महाराष्ट्रातलं असं हे पहिलंच. अजून चार-पाच वर्षांत पाचशे वर्षं पुरी होतील आणि बांध अजून पाणी धरून आहे, खालच्या माडापोफळीच्या बागा त्याच्यावरच जगतात.

आता वाट. देवळापासून बांधावरून पलीकडे गेलं की झाडी एकदम अंगावर येते. किंजळ, ऐन, जांभूळ, मधे मधे सातवीण. पाणी कायम डाव्या हाताला दिसत राहतं पण वाट काठाला चिकटून नाही, ती डोंगराच्या कुशीतून वरखाली जाते, दोन व्हाळ (ओढे) ओलांडावे लागतात. मामांनी पहिल्याच वळणावर थांबवलं आणि म्हणाले, "पयली देवीक हात जोड, मगे वाट धर." मी जोडले. पुढे अडीच-तीन तास आम्ही चाललो, निम्मा वेळ मामा फांद्या बाजूला करत होते कारण वाट मोडत आलीय. म्हणाले पूर्वी इथून रोज माणसं जायची, लाकडाला, गुरांमागे, शाळेला, आता सगळ्यांकडे गाड्या आहेत.

हेच मला लागून राहिलंय. वाट दिसेनाशी झाली की ती गेलीच, पुन्हा कोण शोधणार. म्हणून विचारतोय, या भागात तुम्ही कोणी चाललाय का? कुठल्या वाटा अजून उघड्या आहेत? जुन्या लोकांना विचारून इथे लिहून ठेवूया.

---

रानवारा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

वा! फोटो टाका की.

---

सुरंगीचा_वळेसर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

कर्लीकाठ दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं हो. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं.

तुम्ही गेलात ती खालची वाट. तिला वर एक फाटा फुटतो, दुसऱ्या व्हाळानंतर मोठा चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची कुंपणभिंत, लागतो बघा, त्याला धरून उजवीकडे चढलं की तासाभरात सड्यावर निघतो. चढ दमवतो पण वर पोचल्यावर अख्खं तळं खाली दिसतं, झाडीत ठेवलेल्या ताटासारखं. सप्टेंबरात गेलात तर सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवं, पाय ठेवायला जागा नसते आणि ठेवूही नये, सरळ मळलेल्या रेषेवरून चालायचं. मार्चमध्ये सुरंगी फुलते तेव्हा आधी वास येतो, मग अर्ध्या मिनिटाने झाड दिसतं, फांदीला खोडापासूनच चिकटून कळ्या असतात. मुलींनी पहाटे झाडावर चढून त्या काढायच्या आणि दुपारपर्यंत वळेसर (गजरे) बाजारात, हे मी स्वतः केलेलं आहे.

देवळाची गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. लग्नाघरी दागिने नसले की फुलांचे दागिने करायचे, परडीत घालून तळ्यात सोडायची, गाऱ्हाणं घालायचं. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा फुलांच्या जागी सोन्याचे दागिने. लग्न झालं की परत आणून द्यायचे. एकाने परत दिले नाहीत, आणि तेव्हापासून परडी वर आली नाही. आजी गोष्ट सांगून झाली की एवढंच म्हणायची, तळ्याचा ता तळ्याक. आम्ही लहानपणी काठावरून शिंपलासुद्धा घरी आणला नाही. तुम्ही कोणी गेलात तर कृपा करून वेफर्सची पाकिटं तिथे टाकू नका, एवढीच विनंती आहे.

---

डोंगरवाट_पुणे | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

माझा अनुभव वाईट आहे पण लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही तिघे गेलो होतो, सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलेलो त्यामुळे दोनशे-तीनशे फुटांचे डोंगर म्हणजे काय, असं वाटलं. कोणाला विचारलं नाही. फोनवरच्या नकाशात एक बारीक तुटक रेघ दिसत होती ती धरून निघालो, ती रेघ एका काजूच्या बागेत जाऊन संपली आणि पुढे नुसतं रान. पाऊस इतका की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. परत फिरताना व्हाळ भरून आला होता, सकाळी घोट्याएवढं पाणी होतं ते मांडीपर्यंत. मित्र ओलांडताना घसरला आणि त्याचा पाय दगडात अडकून घोट्यापाशी मोडला.

आम्ही दोघं ओरडत होतो. कुठून तरी एक काकी आल्या, डोक्यावर इरलं, सोबत मुलगा. एक शब्द विचारला नाही तुम्ही इथे कसे म्हणून. मुलगा जाऊन अजून तिघांना घेऊन आला, चादरीची झोळी केली, दोन बांबू, आणि त्या चिखलातून मित्राला रस्त्यापर्यंत नेलं. रस्त्याला लागल्यावर काकींनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "पावसात व्हाळाक विश्वासू नये रे झिला." पैसे देऊ केले तर त्यांना राग आला.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, कोकणातल्या टेकडीची उंची बघू नका. घाटावर वाट डोळ्याला दिसते, इथे झाडी अशी की पन्नास मीटरवर रस्ता असतो आणि तुम्हाला कळत नाही. जून ते ऑगस्ट या वाटांवर गावातलं माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

---

कर्लीकाठ | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

@डोंगरवाट_पुणे, मित्राचा पाय आता बरा आहे ना? ती बाग कुठली ते माझ्या लक्षात आलं. तिथे पूर्वी खरंच वाट होती, मामा म्हणतात बागेला तार घातल्यावर ती बंद पडली आणि लोक खालून जायला लागले. नकाशातली रेघ जुनी असणार.

व्हाळाबद्दल अगदी खरं. आपल्याकडचा डोंगर जांभ्याचा, पाणी झिरपतं पण एकदा तो भरला की वरचा सगळा पाऊस अर्ध्या तासात खाली येतो, आणि समुद्र जवळ असल्यामुळे वाहून जायलाही वेळ लागत नाही. म्हणूनच एवढा पाऊस पडून एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. आणि म्हणूनच या तळ्याच्या वरचं रान महत्त्वाचं आहे, पालापाचोळा आणि मुळं ते पाणी थोपवून धरतात आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडतात. ते रान नसेल तर नुसता बांध काय करणार?

---

वैद्यबुवा_सिंधु | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५५

जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो, रागावू नका.

१) गोचीड. गोचीड चावून होणारा माकडताप हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आपल्या जिल्ह्यात २०१६ मध्ये दोडामार्गात त्याची साथ आली. जोर मुख्यतः दोडामार्ग-सावंतवाडीकडे, पण रानात फिरणाऱ्या प्रत्येकाने माहिती ठेवावी. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, म्हणजे नेमका ट्रेकचा सीझन. चावते ती गोचिडीची पिल्लावस्था, खसखशीएवढी, दिसतच नाही. सुक्या पाल्यावर बसू नका, झोपू नका, कपडे टाकू नका. फुल पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे लगेच गरम पाण्यात. रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग प्रचंड दुखणं, हिरड्यांतून रक्त असं काही झालं तर डॉक्टरला आपण रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा, न सांगितल्यामुळे निदानाला उशीर होतो. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

२) साप. सड्यावर फुरसं. दगड उलटा करू नका, बसण्यापूर्वी काठीने आपटून बघा. झाडीत चापडा असतो, हिरवागार, फांदीवर निवांत, म्हणून फांदी धरण्याआधी बघा. दंश झाला तर दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं काही करायचं नाही, हात किंवा पाय न हलवता आधार देऊन सरळ हॉस्पिटल. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालते. चापड्यावर ती लागू होत नाही, त्याचा उपचार लक्षणं बघून करावा लागतो, त्यामुळे साप कसा दिसला ते लक्षात ठेवा पण मारायला किंवा पकडायला जाऊ नका.

३) पायाला जखम असेल तर पावसात चिखलपाण्यातून चालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) धोका.

---

रानवारा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

डॉक्टर, हे प्रिंट काढून बॅगेत ठेवतो. धन्यवाद.

---

पायपीट८८ | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

कोणाकडे या वाटेचा जीपीएस ट्रॅक आहे का? टाकलात तर दिवाळीत ग्रुप घेऊन यायचा विचार आहे, ३०-३५ जण.

---

सुरंगीचा_वळेसर | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

पस्तीस जण नको हो दादा, खरंच नको. ती वाट एका माणसाची आहे, समोरून कोणी आलं तर एकाने बाजूला व्हावं लागतं. काठावर हळदीकुंकू बदकं बसतात, वरच्या मोठ्या झाडांवर धनेश येतात, पस्तीस माणसांचा आवाज झाला की दिवसभर काही दिसणार नाही. आणि दिवाळीत खाली भातकापणी चालू असते, पाऊस लांबला तर अजूनच घाई, लोकांच्या मळ्यातून एवढे लोक कसे जाणार?

ट्रॅकसुद्धा टाकू नये असं माझं मत. एकदा नेटवर गेला की कोण कधी येईल सांगता येत नाही.

---

डोंगरवाट_पुणे | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:०२

ताई, पस्तीस जणांबद्दल शंभर टक्के सहमत. पण ट्रॅकबद्दल थोडं वेगळं वाटतं. आम्हाला तेव्हा बरोबर ट्रॅक मिळाला असता तर मित्राचा पाय वाचला असता. आणि कर्लीकाठ म्हणतात तसं वाट चालली नाही तर मोडते. मग लपवून ती टिकणार कशी?

---

कर्लीकाठ | १६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

दोघांचंही पटतं म्हणून थोडा विचार करून मग मामांना फोन केला. त्यांचं म्हणणं, वाट कागदावर असो नसो, गावातल्या माणसाच्या पायात असायला हवी. त्यामुळे मी असं करतो, ट्रॅक इथे टाकत नाही, पण ज्यांना चालायचं आहे त्यांनी मला व्यक्तिगत संदेश करा, गावातले दोघं-तिघं तरुण आहेत ज्यांना मामा आता सगळ्या वाटा दाखवतायत, त्यांच्याबरोबर जा, आठ-दहा जणांच्या वर नको, आणि त्यांचा दिवसाचा रोज त्यांना द्या. @पायपीट८८, तुम्ही तीन गट करून तीन वेळा या, मी स्वतः सोबत येईन.

---

जुनी_पाखाडी | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मी आता ६८. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमचं गाव या तलावाचं नव्हे, शेजारचंच. पण वाटा तशाच. शाळेला जायला चार किलोमीटर, त्यातली एक पाखाडी चिऱ्याची, नव्वद पायऱ्या. दोन बाजूंना गडगे. मधे एक बेडं. शहरातल्या मुलांनी बेडं बघितलं नसेल म्हणून सांगतो, गडग्यात जागा सोडून दोन्ही बाजूंना एकेक उभा चिरा, त्याला वरपासून खालपर्यंत तीन भोकं पाडलेली, आणि त्यातून आडवे तीन बांबू सरकवलेले. माणसाने वरचे दोन सरकवायचे, तिसऱ्यावरून पाय टाकून जायचं आणि लगेच पुन्हा लावायचे, नाहीतर गुरं शेतात. हाताच्या घासण्याने ती भोकं आतून गुळगुळीत झालेली असत, बोट घातलं की थंडगार लागत. आम्हा मुलांना एकच धाक होता, बेडं उघडं ठेवलं तर बापाचा मार.

पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी त्या पाखाडीवर सिमेंट ओतून चकचकीत उतार केला. सुधारणा म्हणून. चिऱ्याचा दगड खरबरीत, त्यात पाणी मुरतं, पायाला पकड मिळते. सिमेंटवर पहिल्या पावसात शेवाळ धरलं आणि माझी वहिनी पडली, खुब्याचं हाड गेलं, ती पुढे चाललीच नाही. पाखाडी आता कोणी वापरत नाही.

तुमच्या तळ्याच्या वाटेला कोणी सिमेंट, पेव्हर ब्लॉक, रेलिंग घालायला आलं तर आधीच आडवे या. काठाची माती उघडीच राहू दे. बेडूक, चतुर, सगळ्यांची पिल्लं त्या उथळ काठाच्या गवतात वाढतात. दुरुस्ती करायची तर निखळलेला चिरा पुन्हा बसवायचा, बस.

---

सुरंगीचा_वळेसर | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

काका, किती नेमकं लिहिलंत. बेड्याच्या भोकाचा तो थंड स्पर्श मला आत्ता बोटाला जाणवला. वहिनींचं वाचून वाईट वाटलं.

---

मुरुडचा_वारा | १७ ऑक्टोबर, रात्री १०:१८

आमच्या रायगडातलं पण लिहितो, विषय जवळचाच आहे. फणसाड अभयारण्य, मुरुड आणि रोह्याच्या मधे, १९८६ पासून अभयारण्य, त्याआधी जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान. तिथे मोठा तलाव नाही पण पाण्याच्या जागा आहेत, त्यांना गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण. अभयारण्याचं नावसुद्धा त्या गाणीवरूनच पडलं. सुपेगावला जायचं, वनखात्याकडे नोंद करायची आणि वाटाड्या घेऊन पायी निघायचं.

मी गेलो तो फेब्रुवारी होता, सगळं रान सुकं आणि गाणीपाशी मात्र ओल. तासभर गप्प बसलो. आधी शेकरू आलं, झाडावरूनच बघत राहिलं. जवळच्या फांदीवर हुमल्यांचं (तांबड्या मुंग्यांचं) घरटं होतं, ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं, दहाबारा मुंग्या ओळीने दोन पानांच्या कडा एकमेकींकडे ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या तोंडात स्वतःची अळी धरून ती या पानावरून त्या पानावर फिरवतात, अळीच्या तोंडातून निघतो तो धागा, त्याने पान शिवलं जातं. हे बघताना वाटाड्या दादांनी मला हाताने मागे सारलं, कारण माझा खांदा त्या फांदीला लागायला आला होता. ज्याला चावल्यात त्याला विचारा.

तुमचा वाटाड्याचा निर्णय एकदम योग्य आहे. आमच्याकडे तसंच आहे आणि त्यामुळे माणसं दिसेल तिकडे घुसत नाहीत.

---

रेल्वेने_कोकण | १८ ऑक्टोबर, दुपारी ४:००

जाण्यायेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. कोकणकन्या किंवा तुतारी, कुडाळला उतरा. मालवणच्या सगळ्या एसट्या नेरूरपारमार्गे जात नाहीत, कंडक्टरला विचारून बसा. नाहीतर सरळ रिक्षा. सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्री कुडाळ किंवा मालवणला मुक्काम करा. पाणी दोन लिटर धरा, दमटपणामुळे घाटापेक्षा जास्त लागतं. मीठ-साखर सोबत.

---

पायपीट८८ | १८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

माझा ३५ चा विचार चुकीचा होता हे कळलं. ग्रुपमध्ये हा धागा वाचायला दिला. दहा जण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी येतोय, कापणीही संपलेली असेल. कर्लीकाठ, मेसेज केलाय. एक विचारायचं होतं, नुसतं चालण्यापेक्षा वाट साफ करायला आमची मदत होईल का? दोघांना कोयता चालवता येतो.

---

कर्लीकाठ | १ डिसेंबर, सकाळी ९:२५

उशीर झाला लिहायला, काल रात्रीच ठाण्याला पोचलो.

पायपीट आणि त्यांचे नऊ जण, गावातले तीन तरुण, मामा आणि मी, असे पंधरा झालो, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त, पण काम होतं म्हणून मामा हो म्हणाले. सकाळी साडेसहाला देवळाकडे जमलो. धुकं पाण्यावरून हलत नव्हतं. मामांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांची नावं घेतली, पुण्यामुंबईच्या लेकरांना सांभाळ म्हणून.

पहिल्या व्हाळापर्यंत वाट ठीक होती. पुढे घाणेरीची झुडपं दोन्हीकडून मिटली होती ती कापली, बाकी झाडाला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. सुरंगीताईंनी सांगितलेला गडगा सापडला, चार चिरे निखळून वाटेत पडले होते, ते उचलून परत बसवले, एकेक चिरा दोघांनी धरून. सड्यावर पोचायला साडेदहा वाजले. तळं खाली, आणि दोन धनेश एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेले, पंखांचा आवाज आधी आला, सगळे गप्प उभे.

उतरताना मामा एका जागी थांबले आणि पायाने पाला बाजूला करायला लागले. खाली चिऱ्याच्या पायऱ्या. आम्ही हाताने अजून पाला काढला, सात निघाल्या, आठवी मुळात गुंतलेली. मामा म्हणाले ही काळशाकडे उतरणारी पाखाडी, आई यावरून बाजाराला जायची, मला वाटलं होतं गेली.

त्या पायऱ्या पुढे कुठपर्यंत आहेत ते जानेवारीत बघायचं आहे. @वैद्यबुवा_सिंधु, गोचिडीचा सीझन आहे, काय काय घेऊन यायचं ते सांगा. @जुनी_पाखाडी काका, चिरे कसे बसवायचे ते दाखवायला याल का? गाडी पाठवतो.

---

जुनी_पाखाडी | १ डिसेंबर, सकाळी ९:५०

येतो. गाडी नको, एसटीने येईन. पहार आणा, दोन.